भेगेवरची काच

थोरल्याच्या आईस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. इथे सगळे खुशाल आहेत. माझा खोकलाही पुष्कळ कमी आहे.

काल सूनबाईने मला जुने शहर पायी फिरवून दाखवणाऱ्या मंडळींबरोबर धाडले. माहिती सांगणारी मुलगी गोड, पण तिच्या बोलण्यात राजेच फार. मी आपला भिंतीच बघत होतो. आपल्या मागच्या खोलीची भेग पडलेली भिंत काही डोक्यातून जात नाही.

एका बुरुजाला आत अगदी तशीच भेग होती, आणि भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवलेली. मी विचारले, तर मुलगी म्हणाली, "आजोबा, भिंत जराही सरकली की ही काच फुटते. म्हणजे आपल्याला आधी कळतं."

मला ते फार पटले. पट्टी घट्ट बसली आहे ना, म्हणून मी दाबून पाहिली. ती फुटली.

"सगळे बाहेर चला, पळा!" मुलगी ओरडली.

"अगं पोरी, बुरूज नाही हलला, माझाच अंगठा," मी सांगत होतो, पण ऐकतो कोण? रस्त्यापलीकडे गेल्यावर मी अंगठ्याचे रक्त दाखवले, तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "आजोबा, आता माझा हात धरूनच चालायचं."

अंगठा बरा आहे. तू मात्र गवंड्याकडून भेगेवर तशी काच बसवून घे आणि तिला हात लावू नकोस. खाट आजच पुढच्या खोलीत घे. मागच्या पत्रात तू भिंतीविषयी एक अक्षर लिहिले नाहीस, म्हणून झोप लागत नाही. भिंत जशी असेल तशी खरी सांग, पण दोन ओळी लगेच टाक.