नातीच्या विमानात बसण्याआधी

बाबा,

माझी नात, म्हणजे तुझी पणती, विमान चालवते. लिहितानासुद्धा हसू फुटतंय बघ. घिवलीत घरोघर सांगून आले, बोंबील घ्यायला आलेल्या बायकांनाही सोडलं नाही. पण आतून मला संशय आहे. ती म्हणाली, "आजी, दोनशे तास उडवलं की परवाना मिळतो." मी बोटांवर मोजलं. दोनशे तास म्हणजे आठ-नऊ दिवस! एवढ्यात माझं लोणचंही मुरत नाही. तुझ्या होडीवर माणूस वर्षानुवर्षं जाळी ओढायचा, तेव्हा कुठे तू त्याच्या हाती सुकाणू द्यायचास. ती पोट धरून हसली. ते तास सलग नसतात म्हणे, सोबत अभ्यास, परीक्षा, मग मोठ्या विमानाचं वेगळं शिक्षण. आणि अजून ती उजवीकडे बसते, डावीकडे कॅप्टन. मी म्हटलं, "म्हंजे तू अजून खलाशीच ना?" पगार तिने कानात सांगितला. एवढा पगार कोण उगाच देतं का, बाबा? काहीतरी धोका असणारच. आणि पासष्टीला घरी बसवतात. तू तर सत्तरी उलटली तरी समुद्रावर जायचास. मग यांचंच पासष्टीला काय बिघडतं?

परवा ती विचारते, "आजी, माझ्या विमानात येतेस? तिकीट काढू?"

"आदी सांग, वारा फिरला तर काय करतेस?"

तिने सगळं नीट सांगितलं. तरी मी मान डोलावली नाही. मग हळूच म्हणाली, "दादा बोईसरला कंपनीची बस चालवायला लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी तू त्याच्या बाजूला जाऊन बसलीस. त्याला विचारलंस का, किती तास शिकला?"

"थांब, गॅसवर भात हाय," म्हणून मी उठले. भात कधीच उतरवला होता. ओट्यापाशी नुसती उभी राहिले आणि तू आठवलास. वाळूवर ओढलेल्या होडीत चढून मी सुकाणू धरलं होतं, तू हातावर फटका मारलास. "पोरीच्या जातीनं हात लावायचा नाय!" तुझंच बोलणं मी पोरीला ऐकवत होते, फक्त तास मोजून.

बाहेर येऊन म्हटलं, "काड तिकीट. पुढची जागा घे, माजं लक्ष राहील."

"आजी, आमचं दार बंद असतं."

"मग कान लावीन."

हे पाठवणार कुठे, आणि तुला वाचता तरी कुठे येत होतं. पण खरं सांगते बाबा, तू समोर असतास, तरी हे मोठ्याने वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नसती.