कोटांचा पडदा

रविवार, ता. ५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शिंपीबुवांनी मला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्या वेळी त्यांचा आवाज मध्येच बसला, म्हणून त्यांना गुळण्या करून यायला सांगितलं. (मला सर्दी होती. — लिहिणारा, खालच्या मजल्यावरचा शिंपी.) सर्दी तर सर्दी. तू म्हणतेस, सरहद्दीजवळच्या त्या स्टेशनात लढाईतून पळून आलेली माणसं गाठोड्यांवर डोकी ठेवून झोपतात, तुम्ही नर्सेस त्यांच्या पायांतून वाट काढत औषधं देता, आणि आपल्या समाजात त्यांच्यासाठी कुठे जागा निघेल का.

काल शनिवारी शब्बाथचा विसावा संपल्यावर आपल्या प्रार्थनालयाच्या मुकादमांनी सभा भरवली. एकाने विचारलं, ही माणसं आपल्यातली आहेत का. कोणी म्हणालं नसावीत. मग सगळे आपापल्या टोप्या सारख्या करू लागले. मी वरच्या बायकांच्या सज्जातून विचारलं, की दरवर्षी त्या एका रात्री आपण जेवायला बसतो आणि पोराबाळांना सांगतो, आपले पूर्वज मिसरच्या गुलामीतून न फुगलेली कणीक पाठीवर टाकून पळाले, तर ही गोष्ट आपण इतकी घोकली ती नेमकी कशासाठी. मला अक्षर येत नाही, पण ऐकलेलं विसरत नाही, हीच तर ह्या लोकांची अडचण आहे.

त्यानंतर मागे राहायची कोणाची सोय उरली नाही. सभागृहात गाद्या पडल्या. दातांच्या डॉक्टरने दवाखान्यामागची खोली दिली. मी तुझी खोली दिली. तुझ्या पलंगाखाली एकाच पायाचे तीन बूट सापडले, त्याचा खुलासा सवडीने कर.

जेवत जा. लोभ आहेच, तो हाडांवर चढू दे.

तुझी आजी

मंगळवार, ता. ७ फेब्रुवारी

ती. आजीस भिंगरीचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र ज्यांच्या हाती देते आहे, त्याच तुझ्या पाहुण्या, एक बाई आणि तिची मुलगी. बाईला आपली भाषा येत नाही, मुलगी मात्र कोणत्याही भाषेची वाट न बघता बोलत सुटते. तुमचं जमेल.

एक गोष्ट नीट ऐक. बाईचा नवरा मागे राहिला आहे. त्याच्या वडिलांना चालवत नाही, त्यांना घेऊन येतो म्हणाला आणि ह्या दोघींना पुढे पाठवलं. तेव्हापासून ती रोज परत जायला निघते. दोनदा मीच तिला फलाटावरून ओढून आणलं. आजी, तिकडचा रस्ता आता रस्ता राहिलेला नाही. गेलेलं कोणी परत आलं नाही. तो आला तर ह्याच स्टेशनात येणार, मी प्रत्येक गाडीला उभी असते. तू फक्त तिला जाऊ देऊ नकोस. कसं ते मला माहीत नाही. तू मला लहानपणी घराबाहेर पडू द्यायची नाहीस तेव्हा काय करायचीस ते आठव, आणि तेच कर.

बूट माझे नाहीत. माया पातळ करू नकोस.

तुझी भिंगरी

रविवार, ता. १२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद. वि. वि.

मी जिवंत आहे. हे आधी सांगते, कारण गावाकडून दुसरं काही ऐकशील.

पाहुण्या गुरुवारी पोचल्या. पोरगी तिच्या भाषेत बोलते, मी माझ्या भाषेत उत्तर देते, दोघींचं एकदाही भांडण झालेलं नाही. आई गप्प असते. तिचं गाठोडं दाराशी बांधलेलं. मी ते दिवसा सोडते, ती संध्याकाळी बांधते. दोघींना काम मिळालं आहे.

शुक्रवारी दिवस कलायला मी नेहमीसारखा शब्बाथचा दिवा लावला, डोळ्यांवर हात धरून मनातलं म्हटलं. हात काढले तर खोलीत काळोख. मला वाटलं, झालं, बोलावणं आलं, आणि बरं आहे, गुडघे दुखायचे तरी थांबले. मग वातीचा वास आला. पाहुणी खिडकीशी उभी होती, अजून ओठांचा चंबू केलेला. तिने बोट आकाशाकडे दाखवलं, दिव्याकडे दाखवलं, आणि पोरीला पोटाशी घेतलं. तिकडे खिडकीत उजेड दिसला की वरून विमानं येतात, एवढं मला शब्दांवाचून समजलं.

तुला ठाऊकच आहे, शब्बाथ लागला की आपण दिवा लावत नाही आणि विझवतही नाही. म्हणजे गेलेला दिवा गेलाच. आम्ही तिघी काळोखात बसलो. खरं सांगू, वाईट नव्हतं. माणसं पाण्याखाली बसल्यासारखी हळू दिसतात. पोरगी माझ्या बांगड्या चाचपत होती आणि मला माझी आई आठवत होती.

तेवढ्यात प्रार्थनेहून परतणाऱ्या मुकादमांनी मान वर केली. मी ह्या घरात आल्यापासून शुक्रवारी माझी खिडकी काळी कोणी बघितलेली नाही. त्यांनी सरळ हिशेब मांडला की म्हातारी गेली. गेलेल्यासाठी प्रार्थना करायला आपल्यात दहा पुरुष लागतात, ते त्यांनी रस्त्यातच गोळा केले. सगळे मान खाली घालून जिना चढले. (मी पण होतो. मला खरंच रडू येत होतं. — शिंपी.) दार मीच उघडलं. दातांचा डॉक्टर पायरीवर बसला.

आम्ही हसलो, भिंगरे, पण थोडाच वेळ. इतक्या बुटांचा आवाज ऐकून पाहुणी पोरीला घेऊन पलंगाखाली शिरली होती. दहा मोठे पुरुष टोप्या सारख्या करत त्या पलंगासमोर उभे राहिले. तिला बाहेर काढायला मी स्वतः खाली आडवी झाले. ह्या वयात. परत उठवायला तिलाच बाहेर यावं लागलं.

काल दिवसभर ती गाठोडं मांडीवर घेऊन बसली. आज सकाळी जिन्यात गाठली. मी खालच्या पायरीवर बसून राहिले, म्हातारीला ओलांडून जायचं तिला जमेना. पण रोज मी पायरीवर कशी बसू? काही तरी करायला हवं.

काळजीत आहे, तरी तुझ्यावरची माया तिला पुरून उरते आहे.

आजी

रविवार, ता. १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं उत्तर नाही. टपालाच्या गाड्या सैन्याने घेतल्या असं म्हणतात. तरी लिहवते, तेवढाच शिंपीबुवांना अक्षराचा सराव.

बुवांनी तोडगा काढला. दिवाही हवा, काळोखही हवा, तर मध्ये पडदा हवा. जाड कापड बाजारात नाही. मुकादमांनी प्रार्थनालयात सांगितलं, ज्याच्याकडे जुना कोट आहे त्याने आणावा. थंडी सरलेली नसताना लोकांनी कोट आणले, आणि ते सगळेच जुने नव्हते. बुवांनी उसवून, जोडून एवढा मोठा पडदा केला. बटणं तशीच ठेवली, खिसेही. पोरगी दिवसभर खिसे तपासत असते. मुकादमांच्या खिशात पेपरमिंटची गोळी निघाली. आता रोज निघते. मुकादम रोज कसले तरी निरोप घेऊन येतात आणि पडद्याशी घुटमळतात, मी दुसरीकडे बघते.

पण पाहुणीचं समाधान होईना. तिने समोरच्या खिडक्या दाखवल्या. एका घराचा उजेड साऱ्या आळीवर संकट आणतो, तिला तेच ठाऊक. मग काय, समोरच्यांनी रग टांगले, पलीकडच्यांनी गाद्यांच्या खोळी. कोणी तिला समजवायला गेलं नाही की इथे लढाई नाही. समजावणं कुठे आहे भाषेत, आणि भीतीला कुठे आहेत कान.

शुक्रवारी संध्याकाळी मी बुवांचा हात धरून खाली उतरले आणि आळी बघून आले. एवढीशी फट नाही. वाटावं की सगळी आळी डोळे मिटून काही आठवते आहे. आणि मला माहीत होतं, प्रत्येक पापणीच्या आत एकेक दिवा जळतो आहे. वर आले तर पाहुणी दिव्यासमोर बसली होती. तिने तो विझवला नव्हता. गाठोडं मात्र अजून बांधलेलं आहे. तिने मला बोटांनी विचारलं, तो येईल का. मी मान हलवली. ती अशी हलवली की तिचा तिला हवा तो अर्थ निघावा.

लवकर लिही. तू लोभ कर, मी उपद्व्याप करते.

आजी

बुधवार, ता. २२ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

पाहुण्या पाठवल्यापासून तुझं एकही पत्र नाही, बरी असशील असं धरून चालते. घाईत लिहिते.

तो आला. वडिलांना पाठीवर बांधून आला. मी त्याला मुलीचं वर्णन केलं, न थांबता बोलणारी, तर तो हसता हसता भिंतीला टेकून खाली बसला.

दोघांना शुक्रवारी संध्याकाळी पोचणाऱ्या गाडीत जागा मिळाली आहे. पत्ता लिहून देण्यात अर्थ नाही, आपली अक्षरं त्याला तुझ्याइतकीच येतात, आणि कागद वाटेत टिकत नाहीत. मी चित्र काढून समजावलं. स्टेशनातून सरळ, पाणपोईपाशी वळायचं, आणि आळीत शिरल्यावर ज्या वरच्या खिडकीत दिवा दिसेल ते घर. शुक्रवारी तुझ्या खिडकीत दिवा असणार, ही जगातली एकच गोष्ट मला पक्की माहीत आहे.

सोबत त्याच्या कोटाचं बटण आहे. त्यानेच तोडून दिलं, तिला ते ओळखू येईल म्हणाला.

तुझ्या लोभावरच गाडी चालते आहे.

भिंगरी

रविवार, ता. २६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी दुपार कलल्यावर आलं. बुवा गळ्यात टेप तशीच ठेवून जिना चढले. ‘खिडकीत दिवा’ इथे आले आणि आम्ही दोघांनी एकदमच पडद्याकडे बघितलं.

बटण मी पाहुणीच्या तळहातावर ठेवलं. काळं बटण, हिरवा दोरा. बुवांना तेवढ्यातही राहवलं नाही, असा दोरा कोणत्या गाढवाने वापरला म्हणाले. (म्हणालो.) त्या गाढवाने बटण गालाला लावलं आणि डोळे मिटले. मग मी माझी मूक भाषा चालवली. बटण दाखवलं, दोन बोटं जिना चढवली, दिवा दाखवला, खिडकी दाखवली. तिला कळलं. कळलं म्हणूनच तिचा चेहरा उतरला.

मी दिवा लावला. पडद्याला हात लावला नाही. बुवा खुणावत होते, आजीबाई, बाजूला ओढा. मी नाही ओढला. तो तिच्यासाठी शिवला होता, तिचा तोच खरा दरवाजा होता. बाहेर कडेकडेने काळोख भरत चालला, गाडीची शिटी झाली, आणि ती पडद्याची कड मुठीत धरून उभी. वर आकाश, खाली नवरा. आयुष्यात मी एवढा वेळ तोंड मिटून कधी बसले नव्हते.

मग तिने पडदा बाजूला ओढला. पूर्ण, टोकापर्यंत, बटणं भिंतीवर टकटक वाजली.

समोरच्या घरात कोणी तरी बघत असावं. त्यांचा रग खाली आला. मग पलीकडची खोळ. मग एकेक करत आळीच्या तोंडापर्यंत, जणू कोणी दिव्यांची माळ ओंजळीतून सोडतंय. पाहुणीने आकाशाकडे बघितलं. आकाशात काही नव्हतं, म्हणजे आकाशच होतं.

आता तू त्या बिचाऱ्याला सांगितलं होतंस एक दिवा, आणि इथे आळीभर दिवे. त्याने सगळ्यात पहिलं दार वाजवलं, ते मुकादमांचं. मुकादम प्रार्थनेहून नुकतीच परतलेली सगळी मंडळी घेऊन निघाले, म्हातारबाबांना डॉक्टरने उचललं. परत तोच जिना, तेच बूट. पोरगी पलंगाकडे पळाली. आईने तिचा हात धरला आणि आवाज पायरीपायरीने वर येत असताना दाराशी जाऊन उभी राहिली. कडी तिनेच काढली.

पुढचं मी सांगत नाही. आम्ही सगळे स्वयंपाकघरात गेलो आणि मुकादमांनी भिंतीचं कौतुक केलं.

काल शब्बाथ उलटल्यावर बुवा सुईत काळा दोरा ओवून बसले, बटण नीट लावून देतो म्हणाले. पाहुणीने त्यांच्या हातातून नवऱ्याचा कोट काढून घेतला. गाठोडं सोडलं, त्यातून हिरवा दोरा काढला, आणि बटण जसं होतं तसंच लावलं. रिकामं गाठोडं घडी करून तुझ्या पलंगाखाली ठेवलं आहे, बुटांशेजारी.

पडदा राहू दे म्हणते. तू पुढच्या कोणाला पाठवशील त्याला पहिले काही शुक्रवार लागेल. पाठव.

इकडचा लोभ आता तिघाचौघांच्या भाषेत आहे, तो सगळा तुझाच समज.

तुझी आजी

(माझाही. — शिंपी.)