पुढं चालत केलेली आवणी

आईला दिशाचा वाकून नमस्कार.

कंबोडियात सुखरूप पोचले. जेवायला पोटभर भात मिळतो, काळजी करू नको. सरांनी सगळ्यांना घरी पत्र लिहायला बसवलंय, म्हणून लिहिते. शेजारच्या ओमकडून वाचून घे.

काल आमच्या कॉलेजनं इथल्या एका आजीच्या भातखाचरात 'सेवा' केली. तीस जण हातमोजे घालून चिखलात उतरले आणि पुढं पुढं चालत आवणी करत सुटले! लावलेलं रोप स्वतःच्याच पायाखाली. मी ओरडले, "अरे, मागं सरकत लावायचं असतं!" तर हर्षल म्हणतो, "मागं सरकलं तर कॅमेऱ्यापासून लांब जातो ना आपण." सरांनी टाळ्या वाजवल्या. असली ही शिकलेली माणसं.

आज सकाळी बघते तर आजी एकटीच सगळं उपटून पुन्हा लावत होती. माझी ओळ तेवढी तिनं तशीच ठेवली होती. मी तिच्या शेजारी उतरले.

आपली आवणी कुठवर आली? बाया मिळाल्या का? तुझी कंबर कशी आहे? खरं कळव.

सेवेचं प्रमाणपत्र सगळ्यांना मिळणार आहे. मलाही मिळेल, ऐन आवणीत तुला एकटीला टाकून आलेय तरी.

तुझीच,
दिशा