कोकराला साबण

मंगळवार, ३ फेब्रुवारी. दुपार

पोचले एकदाची! बसने तिठ्यावर सोडलं नि धुरळा उडवत निघून गेली. आजूबाजूला काय, तर काही नाही. खुरटी झुडपं, दगड, ऊन आणि लांबवर मेंढ्या. या उजाड माळावर दीड वर्ष राहायचं म्हणजे आपल्या लेकीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं मी ह्यांना आधीच सांगितलं होतं.

ठमी न्यायला आली होती. वाटलं, धावत येईल, गळ्यात पडेल. छे! आधी गाडीतली औषधांची खोकी सारखी केली, मग म्हणाली, "आलीस? बस पुढे." वाळलीय. रापलीय. पण खूश दिसते. तेच जास्त लागलं मनाला.

जनावरांची डॉक्टर झाली, तीन महिने शिकायला म्हणून इथे आली, ती राहिलीच. आता शहरातल्या दवाखान्यात जागा मिळालीय. नेमणुकीचं पत्र माझ्या बॅगेत आहे, सोमवारी हजर व्हायचं. आज मुक्काम. उद्या सकाळी चाऱ्याचा ट्रक शहराकडे परततो, त्यातून दोघी घरी. "आणतेच तिला," असं ह्यांना बजावून निघालेय.

तोच दिवस. चहानंतर

या मेंढ्यांच्या मालकीणबाई माझ्याच वयाच्या असतील. उंच, काटक, कमी बोलणाऱ्या. एवढा मोठा कळप एकटीने सांभाळतात म्हणे. ठमी त्यांना 'मावशी' म्हणते! मला सख्खी बहीण नाही, आणि हिला परस्पर मावशी मिळाली.

चहा आला. मी सवयीने ठमीच्या कपात दोन चमचे साखर घालायला गेले, तर मालकीणबाईंनी माझा हातच धरला. "अहो, ती बिनसाखरेचा घेते." कधीपासून? "झालं की वर्ष," ठमी म्हणाली. वर्ष! रोज फोन करते मी. जेवलीस का विचारते, झोपलीस का विचारते. साखर घालतेस का, हे कोण विचारतं?

आणि मी विणून पाठवलेला निळा स्वेटर — एका कोकराच्या अंगात! बाह्या कापून! "थंडीने मेलं असतं गं ते," ठमी म्हणे. मी हसले. तोंडभर हसले. आतून नुसती जळत होते. दुसरीकडे कुठे बोलणार, म्हणून इथे लिहिते — जळत होते.

पत्र दाखवलं. "बघू," म्हणाली. नाही म्हणाली नाही! आंघोळ करून घेते. माझा साबण आणलाय ते बरं केलं, इथल्या साबणाला फिनेलचा वास मारतो. ठमीने दारातूनच हुंगलं. "अजून तोच का गं?" तोच. तिच्या जन्माआधीपासून तोच.

बुधवार, ४

ट्रक गेला. आम्ही इथेच. आणि दोष कुणाचा? माझा!

काल दिवस मावळताना घरामागच्या गोठ्यातल्या कप्प्यात एक मेंढी व्याली. पहिलटकरीण. तेवढ्यात पलीकडे दुसरी अडली म्हणून दोघी तिकडे पळाल्या. जाता जाता मालकीणबाई मला म्हणाल्या, "जरा इथे बसा. हात मात्र लावू नका."

हात लावू नका! एक पोर वाढवलंय मी. ते ओलं, चिकट कोकरू थंडीने लटलट कापत होतं. आईने दोनदा चाटलं नि वळून पाणी प्यायला लागली. म्हटलं, हिला काही कळत नाहीये. गरम पाणी आणलं, माझा साबण आणला, त्याला स्वच्छ धुतलं, माझ्या टॉवेलने खसाखसा पुसलं. इतकं गोजिरं दिसायला लागलं! म्हटलं, येऊ दे आता दोघींना. बघू दे, ठमीच्या आईला काय काय येतं ते.

मग आईपुढे ठेवलं. तिने हुंगलं. एकदा, दोनदा. आणि अशी धडक दिली की ते भिंतीवर जाऊन आपटलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा धडक.

ठमी आली. कोकरू उचललं, नाकाशी नेलं. "आई! साबण लावलास?"

"घाण झालं होतं गं..."

मालकीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, मेंढी पोराला वासावरून ओळखते, चाटता चाटता तो वास तिच्या डोक्यात बसतो. तो धुऊन गेला की पोर परकं.

ठमी म्हणाली, "हे आईला प्यायला लागेपर्यंत मी हलत नाही." झालं! 'बघू'वर आलेली पोरगी मी माझ्याच हाताने घालवली.

बुधवार, रात्रीच्या जेवणाआधी

मेंढीला आखूड बांधलंय. तिचंच दूध काढून कोकराच्या अंगाला फासायचं, मग तिच्या तोंडाशी न्यायचं. ती मान फिरवते. मग बाटली. दर दोन तासांनी हेच.

माझा साबण बंद! "डबीत घाल, डबी पिशवीत, पिशवी बॅगेच्या तळाशी," ठमीने हुकूम सोडला. मी दिवसभर नुसत्या पाण्याने हात-तोंड धुतेय. त्या दोघी कोकराशेजारी गुडघ्यावर बसतात. एकीने मान धरली की दुसरी कास पिळते. बोलावं लागतच नाही त्यांना. मी बादली धरून उभी. ठमी लहानपणी मी नसले तर वेणी घालू द्यायची नाही कुणाला.

गुरुवार, ५

सकाळी मालकीणबाईंनी मेंढी सोडली आणि कुत्रं आणून कप्प्याच्या दाराशी बसवलं. नुसतं बसवलं. मेंढीने कुत्रं पाहिलं, पाय आपटला, आणि सरकत सरकत कोकराच्या पुढे येऊन उभी राहिली! मागे ते पोर तिच्या पायात लटपटतंय, नि हिचे डोळे कुत्र्यावर.

"कधी कधी जमतं असं," मालकीणबाई म्हणाल्या. "दुसरं कुणी दाराशी आलं की हिला पोर आठवतं." माझ्याकडे बघून म्हणाल्या का? टोमणा होता? असेल! म्हणजे इथे कुत्रं कोण — त्या की मी?

डोक्यात तेच घोळत राहिलं. दुपारी बाटल्या धुताना तोंडातून गेलंच. "तुम्ही तिला मोकळं करा. माझी मुलगी आहे ती."

"मी कुठे बांधलीय? गेली तर माझी अडचण होईल, एवढंच."

ठमी मागेच उभी होती. "आई, मला विचार ना."

विचारलं. "नाही येणार मी," म्हणाली. "मला हेच काम आवडतं. तुला सांगायचा धीर होत नव्हता."

"मग हिलाच आई म्हण!"

बोलून गेले. ठमी धुतलेलीच बाटली पुन्हा धुवायला लागली. मालकीणबाई उठल्या, बादली उचलली नि बाहेर गेल्या. एवढं शहाणपण तरी कशाला असावं माणसाला! दोन शब्द उलट बोलल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. ठमी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

शुक्रवार, ६. बसमध्ये

कोकरू पितंय. पहाटे ठमीने हाक मारली, "आई, ये, बघ." शेपूट नुसती लुटुलुटु हलत होती! मेंढी त्याची पाठ चाटत होती. मी रडले. ठमीला वाटलं कोकरासाठी.

बॅग तिनेच भरून दिली. पत्र टेबलावर ठेवून आलेय, फाडायचं तर फाड म्हणावं. तिठ्यावर दोघी आल्या होत्या सोडायला. "सांभाळून जा," ठमी म्हणाली. एवढंच. कालच्याबद्दल माफी मागायची होती मला, पण त्यांच्यासमोर? बस वळताना मागे पाहिलं. मालकीणबाईंनी काहीतरी म्हटलं, नि ठमीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी पडदा ओढला.

शनिवार, ७

ह्यांनी दार उघडलं, माझ्यामागे पाहिलं. कुणी नव्हतं. माझी बॅग उचलून आत नेली.

सोमवार, ९

आज ती दवाखान्यात हजर व्हायची होती. गेली नाही, हे सांगायला फोनही नाही. मीही केला नाही.

तीन दिवसांनी बॅग उघडली. साबणाची डबी आहे, साबण नाही! पिशवी झटकली, कपडे झटकले. डबी रिकामी. घ्या! लेक घेतली, आता माझा साबणही! त्या घरात फिनेलच्या वासाशिवाय काही नाही, माझा बरा वाटला असेल मालकीणबाईंना. हे म्हणाले, "अगं, साबणासाठी काय?" ह्यांना काय कळतंय. उद्या फोन करून विचारणारच आहे.

मंगळवार, १०

केला फोन. ठमी कळपामागे गेलेली. मालकीणबाईंनी उचलला. मी फटकन विचारलं, माझा साबण तुमच्याकडे राहिलाय का?

म्हणाल्या, "तिच्या उशीखाली आहे. काल उशी उन्हात टाकायला उचलली, तेव्हा दिसला. वापरत नाही हो. नुसता ठेवलाय."