सुभेदारांच्या रायफलीचा दस्ता

मामंजी, तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली आणि मी लिहायला बसलेय ते एका बंदुकीबद्दल. मुरगूडकडच्या सुभेदारांची ती शिकारीची रायफल तुम्ही विसरला नसाल. फौजेतून परतल्यावर ते उसात शिरणारी डुकरं मारायचे. त्या पावसाळ्यात तिची लांबची गोळी भरवशाची राहिली नव्हती. पहिली बरोबर लागायची, नळी तापली की पुढच्या डावीकडं सरकायच्या. असंच एक जखमी डुक्कर उसात पळालं आणि त्यानं भांगलणाऱ्या बाईची मांडी फाडली. सुभेदार तुमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात खाली मान घालून बसलेले मला अजून दिसतात. "बाई वाचली. पर आता हिला हात लावू कसा, तुम्हीच सांगा," म्हणाले.

तुम्ही तीनदा नेम धरायची माशी सरकवलीत, नळी आतून घासलीत, स्क्रू आवळलेत. गोळी सरकायची ती सरकतच होती. दुकान आपल्या सोप्यातच, त्यामुळं मला सगळं दिसायचं. मी चहा घेऊन येते, तर रायफल सुटी करून टेबलावर ठेवलेली. मी सुताराची लेक, माझी नजर आधी लाकडावर गेली. लाकडी दस्त्याच्या खोबणीत, जिथं नळी बसते, तिथं एका अंगाला लाकूड घासून चकाकत होतं. ओल धरून ते फुगलं होतं. "मामंजी, लाकूड नळीला दाबतंय," मी म्हटलं. तुम्ही वर न बघता म्हणालात, "चहा ठेव आन् जा. ह्ये लोखंडाचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी तुम्ही गडमुडशिंगीला लग्नाला गेलात. भांडी आवरून मी माहेरची पटाशी काढली. नळीला काजळी लावायची, खोबणीत बसवायची, उचलायची, आणि काळं उमटेल तेवढंच तासायचं. चौकट बसवताना आमचे आबा असंच करायचे. तासता तासता संध्याकाळ झाली. शेवटी नळी आणि लाकूड यांच्यामधून पोस्टकार्ड अडखळल्याशिवाय सरकलं. तुम्ही आलात, जमिनीवरचा भुसा बघितलात. ओरडला नाहीत. "माणसाचा जीव हाय ह्येच्यावर," एवढंच म्हणालात आणि न जेवता झोपलात.

सकाळी रायफल जोडून म्हणालात, "तूबी चल. बिघडलं असंल तर तूच सांग त्यास्नी." कळंब्याच्या पुढं ती दगडाची खाण. तीनशे पावलांवर पुठ्ठा लावला. सुभेदार पोत्यावर पालथे पडले. मी मागं उभी, पदर मुठीत. पहिल्या गोळीनंतर ते थांबले तर तुम्ही म्हणालात, "थांबू नगासा. तापू द्या नळी." पाच गोळ्या झाल्या. सुभेदारांनी पुठ्ठा आणला, तर पाचही भोकं एका बशीखाली झाकली असती. ते तुमच्याकडं वळले. "काय केलंसा ओ?"

"म्या न्हाय. सुनंनं केलंय."

सुभेदार हसले. तुम्ही हसला नाहीत. "खरं सांगतोय. तिला कळलं, मला न्हाय कळलं," म्हणालात. त्यानंतर दस्त्याचं काम आलं की तुम्ही मला हाक मारायचा आणि माझ्यासाठी टेबलाची अर्धी बाजू मोकळी करायचा. सासरी मला कुणी जागा करून दिली असेल तर ती तिथं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहितेय. त्या दुपारी पटाशी एकदा खोल गेली होती. खोबणीच्या पुढच्या टोकाला नखाएवढा टवका उडाला. मी लाख वितळवून त्यात भुसा कालवला, भोक भरलं आणि वरून तेल पुसलं. सकाळी रायफल जोडण्याआधी तुम्ही दस्ता उजेडात धरून तिथंच बोट फिरवलं होतं. मग तसाच स्क्रू आवळलात. खाणीत तुम्ही माझ्या नावानं सांगितलंत, तेव्हा तरी मी त्या टवक्याचं बोलायला हवं होतं. मला धीर झाला नाही.