आबांचं गाऱ्हाणं

२ मार्च
अथ शर्करापीडानिरूपणम्. मिरजोळ्यात कुणाकडेही गेलो की माझ्या चहात एक चमचा साखर जास्त. कारण काय, तर 'शेठ साखरवाल्यांच्या घरातले.' इथे कोकणात येऊन केस पांढरे झाले, आंब्याचा पल्प डब्यात भरून विकतो, तरी ओळख तीच. घाटावरचे, साखरवाले. आज शेजाऱ्यांच्या ओटीवरचा कप गुपचूप कुंडीत ओतला. सदाफुलीला मधुमेह झाला नाही म्हणजे मिळवली.

४ मार्च
वडील आले, आबा. सांगलीहून, गाडीत गुळाच्या ढेपा. ऐंशी उलटली, पण कणा ताठ. हातपाय न धुता आधी माझ्या कॅनिंगची पाहणी. बॉयलरवर थाप मारून, "बारका हाय रं." आमच्या घरच्या खांडसरी साखर कारखान्याचं धुराडं कुठवरून दिसतं, हेही ऐकवलं. शाळेत मला संस्कृतात पैकीच्या पैकी पडले तिथूनच घराणं बिघडलं, असं त्यांचं जुनं मत.
थोरल्या दादाची बायपास झाल्यापासून तो कारखाना कुणी बघायचा, हे घरात सगळे एकमेकांना विचारतात. आबा चकार शब्द काढत नाहीत. मीही नाही.

७ मार्च
शिमग्याची पालखी आज दारात. घरातल्या वडीलधाऱ्याने नारळ ठेवून मनातलं गुरवाला सांगायचं, गुरवाने ते देवाला मोठ्याने ऐकवायचं, जमलेल्यांनी रुकार द्यायचा. दरवर्षी मी सांगतो, सीझन बरा जाऊ दे. यंदा आबा असताना मी कसा पुढे होणार? बायकोने, वासंतीने, त्यांची टोपी आणून दिली. आबा गुरवाच्या कानाशी वाकले. गुरव थबकला, एकवार माझ्याकडे पाहिलं, मग सुरू.
"बा देवा म्हाराजा, हे आबा आज तुला नारळ ठेवतायत..."
"व्हय म्हाराजा!"
"त्यांचा धाकटा मुलगा घाटावर आपल्या कारखान्यात परत जाऊ दे..."
"व्हय म्हाराजा!"
सगळ्यांत मोठा आवाज आमच्या फोरमनचा, दत्तारामचा. आपण कशाला व्हय म्हटलं ते त्याला पालखी पुढच्या घरी गेल्यावर उमगलं.

८ मार्च
आंबा तोंडावर आलाय, आणि कामात कुणाचं लक्ष नाही. दत्ताराम सकाळीच दारात.
"शेठ, आमी सवयीनं ओरडलो वो. तुमी दरवर्षी शीजनचंच सांगता."
"म्हणजे माझी हकालपट्टी एकमताने मंजूर."
हसला नाही. त्याची बायको, सून, दोघी आमच्याकडेच आंबा कापतात. माझ्या विनोदांना वेळकाळ नाही, असं वासंती म्हणते ते...
संध्याकाळी गुरवाकडे. गाऱ्हाणं मागे घेता येतं का?
"छ्या! दुसरं घाला. पण ते पुढल्या शिमग्याला."
वर चहा. साखर नेहमीचीच. निमूट प्यालो.

९ मार्च
वासंती: "तुम्हाला जायचंय का, तेवढं सांगा. देवाचं मग बघू."
बॉयलरच्या तपासणीचं निमित्त काढून निघालो.

११ मार्च
आबा गेले. हातखंब्याच्या फाट्यापर्यंत त्यांच्या गाडीत बसून गेलो. उतरताना त्यांनी विचारलं, "रागावलास?"
"नाही."
"मग बरं. पुढल्या शिमग्याला बी येतो." काच वर.
रिक्षाने परत.

देवाचा कोप वगैरे मी मानत नाही, निदान तसं बोलतो. दत्तारामच्या घरची काळजी आहेच. पण डोक्यातून जात नाही ते वेगळंच. आबांनी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही. मागितलं ते परक्या गावच्या देवाकडे, मी दोन हातांच्या अंतरावर उभा असताना. मला सरळ विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. अजूनही बहुतेक नाहीच म्हणेन.
पुढल्या शिमग्याला नारळ ठेवायला मला पुढे व्हावं लागलं, तर त्याचा अर्थ एकच, आबा उरलेले नसतील. त्याचीच भीती वाटते.