रफूघर माझ्या नावावर आहे

प्रिय बाळ्या,

चाळिशी उलटली तरी तू माझा बाळ्याच, तेव्हा हे पाकीट ऑफिसात चारचौघांत उघडू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदाला मध्येच "अगं आई, ऐक तर" म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

इथलं सगळं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, मी त्याच्याकडे दुर्लक्ष करते. तुझे बाबा ज्या खिडकीशी बसायचे तिथे मी टेबल सरकवून घेतलंय आणि त्यावर तुझा जुना लॅपटॉप मांडलाय. सकाळी चहा झाला की मी तिथे. शेजारीण विचारते, "एवढं काय बघता हो त्यात?" मी सांगते, "शब्द."

तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली मी. पगार वाढला नाही तेवढा चष्म्याचा नंबर वाढला. छापखाना बंद झाला तेव्हा मालक म्हणाले, "बाई, आता आराम करा." आराम मला कधी जमलाच नाही. त्याच सुमारास तू सुट्टीला आला होतास आणि हसत हसत सांगितलंस, की तुझ्या एका मित्राने इंटरनेटवरचं एक नाव, म्हणजे वेबसाइटचा नुसता पत्ता, घेऊन ठेवलं होतं आणि कुणाला तरी ते हवं झालं तेव्हा गाडी येईल एवढ्याला विकलं. तू बोलून विसरलास. मी नाही विसरले. आयुष्य शब्दांत गेलेल्या बाईला शब्द विकत मिळतात हे इतक्या उशिरा कळावं, याचाच मला राग आला होता. नावं घ्यायचं खातं मात्र तूच उघडून दिलंस, तुझा फोन नंबर घालून, "घे, खेळ" म्हणून.

सुरुवातीला मी माती खाल्ली, कबूल करते. एका महिन्यात चाळीस नावं घेतली. त्यातलं एक तर बड्या साबण कंपनीचं, एक अक्षर बदलून. मला वाटलं, केवढी मी हुशार! वकिलाची नोटीस आली तेव्हा हुशारी उतरली. ते नाव मुकाट्याने सोडलं आणि दुसऱ्याच्या ब्रँडच्या आसपासही फिरकायचं नाही हे कायमचं शिकले. वर्ष संपलं तेव्हा दुसरा धडा मिळाला. प्रत्येक नावाचं शुल्क दरवर्षी भरावं लागतं, आणि माझी निम्म्याहून जास्त नावं कुणी फुकटसुद्धा नेली नसती. तीही सोडली. आता वर्षाला चार-पाच घेते, तीही निबंध तपासून मिळतात त्या पैशांतून. पेन्शनला हात लावत नाही. घेण्याआधी खालच्या लॉन्ड्रीवाल्याला फोन करते, नाव एकदाच उच्चारते आणि ते इंग्रजीत लिहून पाठवायला सांगते. त्याने पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलं तरच घेते. परवा विचारत होता, "काकू, यात माझं कमिशन कधी?"

रफूघर चार वर्षांपूर्वी घेतलं. त्या नावाची कंपनी, दुकान, ब्रँड काही नव्हतं. तीन दिवस शोधून खात्री केली होती. यंदा फाटके कपडे दुरुस्त करून देणारी एक कंपनी निघाली आणि पाट्या रंगवायच्या आधी त्यांना तेच नाव हवं झालं. हे मला कसं कळलं ते सांगते. मंगळवारी सकाळी, नावं जिथून घेते त्यांची मेल आली: "नावाची मालकी बदलण्याची तुमची विनंती मिळाली. पुढे जायचं का?" मी कसलीच विनंती केली नव्हती. वाटलं, बाबांचं झालं तेच माझंही झालं. शेवटच्या वर्षी फोनवरून कुणी त्यांना गंडवलं, आणि ते पुढे किती महिने आपली नजर चुकवत होते, ते तुझ्याइतकंच मलाही आठवतं. आधी "नाही" दाबलं, मग पासवर्ड बदलला आणि मग मेलमध्ये नवा मालक म्हणून ज्या कंपनीचं नाव होतं, त्या कपडेवाल्यांना फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "पण आजी, सगळं ठरलंय ना तुमच्या मुलाशी! खात्यावर त्यांचाच नंबर होता. ते म्हणाले, आईला यातलं काही कळत नाही, मीच बघतो."

मी तिला ठरलेला आकडा विचारला आणि त्याच्या तिप्पट सांगितला. ती हसली. मी नाही हसले. "नाव माझं आहे, मुलाचं नाही. विचार करून सांगा," म्हटलं आणि फोन ठेवला. शुक्रवारी तिचाच फोन आला, या वेळी "आजी" नाही, "मॅडम". अडीचपटीवर जमलं. पैसे आधी मध्यस्थाकडे जमा झाले, मग मी नाव त्यांच्याकडे दिलं.

तू चोरी केलीस असं मी म्हणणार नाही. काळजी केलीस, पण मला वगळून केलीस, आणि ते मला चालणार नाही. मागच्या खेपेला टेबलावर ठेवून गेलास तो बँकेचा कागद, माझ्या खात्याचे सगळे अधिकार तुझ्याकडे देणारा, या पत्रासोबत परत पाठवते आहे. सही केलेली नाही. करणारही नाही. मला एक दिवस खरंच कळेनासं होईल, तेव्हा मीच तुला बोलावून पेन मागेन; तोपर्यंत माझ्या चुका मला करू दे. रुसू नकोस. पुढच्या महिन्यात ये, हवे तेवढे दिवस राहा आणि कडकडून भांडायचं असेल तर भांड. मात्र येताना कागद आणू नकोस.

तुझीच, आणि तितकीच स्वतःचीही,
आई